रुतलेलो गुणाजी

"जावयबापू, ता घड्याळ खिशात टाका," सासरे म्हणाले. "हय पाण्याचो टाइम चलता."

मी घड्याळ खिशात टाकलं नाही. उलट त्यांना दिसेल असं मनगट वळवून पुन्हा एकदा पाहिलं. सकाळचे पावणेसात झाले होते आणि माझी कोल्हापूरची एस.टी. दुपारी तीनला होती.

"तिनाच्या आत परत येतोय न्हवं, मामा?"

"बारापयले तुमी जेवूक बसतलास."

होडीत आधीच बसलेल्या भागीआत्यांनी पदराने तोंड पुसलं आणि माझ्या बायकोला विचारलं, "गो कुंदा, हो गरवूक येता की कोर्टाच्या तारखेक जाता?"

कुंदा हसली नाही. ती होडीच्या मागच्या टोकाला जाऊन बसली, माझ्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं. मधे आत्या, पुढे मी आणि आमच्यामधे वल्ही मारणारे मामा. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. हे मामा म्हणजे गुणाजी तांडेल, मालवणपासून दहा-बारा मैलांवरच्या भेंडवाडीत खाडीवर माणसं इकडून तिकडे नेणारे. चाळीस वर्षं त्यांनी ती होडी चालवली होती आणि गुणाजीची होडी कधी वाळूत रुतली नाही, असं वाडीतली माणसं पाहुण्यांना मुद्दाम सांगत. भागीआत्या ही त्यांची विधवा बहीण. तिच्या तोंडाला लागू नये एवढी अक्कल मला लग्नाच्या मांडवातच आली होती.

ही १९८६ च्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा एकतीस वर्षांचा, कोल्हापूरच्या मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होतो. राग कायम नाकावर. खरं तर माझं लग्नच त्या रागातून जमलं. अहमदाबादच्या व्यापाऱ्यांना ट्रंक कॉल लावायचे असत आणि लाइन मिळाली नाही की मी एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरवर ओरडायचो. एके दिवशी तिकडून शांत आवाज आला, "साहेब, तुम्ही ओरडल्याने अहमदाबाद जवळ येत नाही." दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला एक्स्चेंजच्या दारात उभा राहिलो. ती कुंदा होती. दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. माझी आई माळकरी, त्यात सून कोळ्याघरची, म्हणून तिने बरीच आदळआपट केली, पण झालं.

त्या वर्षी फेब्रुवारीत आम्हाला मुलगी झाली, ती गेलेलीच जन्माला आली. आठवा महिना होता. मी दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर कागदांवर सह्या करत राहिलो, वर गेलो नाही. संध्याकाळी चुलतभावाबरोबर ते फडक्यातलं गाठोडं घेऊन गेलो, तेव्हासुद्धा फडकं बाजूला करून तोंड पाहिलं नाही. आठ दिवसांनी जेवताना आई म्हणाली, "मासळी खानाऱ्यांच्या अंगात उष्णता असती. पोर टिकायचं कसं?" कुंदा माझ्याकडे बघत होती. मी आमटीभात कालवत राहिलो.

मार्चमध्ये ती महिनाभर म्हणून माहेरी आली आणि परतायचं नाव काढीना. मी तीन पत्रं लिहिली. तिची उत्तरं आली, पण त्यात हवापाणी आणि सर्वांना नमस्कार एवढंच असायचं. शेवटी मी स्वतः आलो. आदल्या संध्याकाळी ओसरीवर सगळ्यांसमोर उभं राहून मी तिला सांगितलं, "उद्या तिनाची गाडी हाय. येनार असलीस तर पिशवी भर. न्हाई आलीस तर मी पुन्हा न्यायला येनार न्हाई. मग तुझा रस्ता येगळा, माझा येगळा."

सासूबाई उठून आत गेल्या. कुंदा कंदिलाची काच पुसत होती, ती पुसतच राहिली. मग मामा म्हणाले, "उद्या सकाळी गरवूक जावया. जावय इलेहत, ताजो मासो नको?"

गरवायला जाणं म्हणजे गळ टाकून मासे धरायला जाणं. माणसाचा संसार मोडायच्या बेतात आहे आणि ह्यांना मासे सुचतायत, असं माझ्या मनात आलं. पण सासरवाडीत नाही म्हणायचं तरी कसं?

साडेसातच्या सुमारास भरती पुरी झाली. खाडीचं पाणी इतकं स्वस्थ पडलं होतं की काठावरची माडाची झाडं त्यात सरळ उभी दिसत होती. मामांनी एका खडकाजवळ होडी थांबवली आणि मला गरीला म्हणजे गळाला जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी, लावायला शिकवलं. माझ्या बोटांतून ती तीनदा उडी मारून पळाली.

"गुळाची ढेप न्हय ती," आत्या म्हणाल्या. "धरा कशी, पण चिरडू नका."

थोड्या वेळाने माझ्या दोरीला असा हिसका बसला की मी पुढेच गेलो. मामांनी माझा सदरा मागून धरला. ओढून ओढून तळहात सोलवटले आणि शेवटी तांबूस रंगाचा, हातभर लांबीचा मासा होडीत येऊन आपटला. तांबोशी. आत्यांनी टाळ्या वाजवल्या. मी एवढा खूश झालो की सगळं विसरून मागे वळून ओरडलो, "कुंदा, बघितलंस का?"

ती बघत होती. क्षणभर तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. पण लगेच तिने मान वळवली आणि मलाही आठवलं की आपण भांडणात आहोत.

साडेनऊला मी पुन्हा घड्याळ पाहिलं. पाणी उतरायला लागलं होतं. ओहोटीला तिकडे सुकती म्हणतात. "सुकती लागली," मामा म्हणाले, "चला." त्यांनी होडी वळवली. मी माझी दोरी गुंडाळायला घेतली आणि तिथेच घोटाळा केला. घाईत दोरी ओढली, ती कुठेतरी अडकली, सुटली आणि गरी सरळ माझ्या अंगठ्यात घुसली. अशी की टोक आत आणि वरचा काटा मांसात.

मी जो ओरडलो तो पलीकडच्या काठावर ऐकू गेला असेल. मामांनी वल्ही सोडली. "कुंदा, वायच होडी बघ गो," म्हणाले आणि माझा हात आपल्या गुडघ्यावर घेऊन बसले. "हलू नका. मागे ओढलास तर मांस फाटात. टोक फुडसून भायर काढूक होया." त्यांनी ते ज्या तऱ्हेने काढलं ते मी डोळे मिटून सोसलं. आत्या माझ्या कानाशी बसून सांगत होत्या की त्यांच्या नवऱ्याच्या कानात एकदा अशीच गरी घुसली होती आणि तो बिचारा रडला नव्हता.

अंगठ्याला चिंधी बांधून होते न होते तोच होडीखाली खरखर झाली. मग एक मऊ धक्का बसला आणि सगळं थांबलं.

मामांनी मान वळवून मागे पाहिलं. मग बाजूच्या पाण्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"माजीच चूक," ते म्हणाले. "रुतली."

"रुतली म्हंजे?"

"पुळणीर चढली. पाणी सुकता हा. आता भरती येयसर हय."

आम्ही खाडीच्या मधोमध एका वाळूच्या पुळणीवर बसलो होतो. मी उडी मारून उतरलो, मामाही उतरले, दोघांनी खांदे लावून ढकललं. होडी जड आणि पाणी डोळ्यांदेखत पायाखालून निघून चाललेलं. दहा मिनिटांत घोट्यापर्यंतचं पाणी तळव्यापर्यंत आलं. दोन्ही बाजूंना खोल पाण्याचे पट्टे होते आणि त्यांना समुद्राकडे जबरदस्त ओढ होती. मला पोहता येत नव्हतं.

"भरती कधी?"

"साडेपाच होतीत."

माझा पारा चढला. मी त्या माणसाला, वडिलांच्या वयाच्या माणसाला, काय काय बोललो ते आठवलं की आजही कान गरम होतात. "चाळीस वर्सं होडी चालवताय न्हवं? मग आजच रुतायची हुती? माझी गाडी हाय तिनाला! तुमाला सांगितलं हुतं मी!" मामा खाली मान घालून ऐकत होते. "होता कदी कदी," एवढंच म्हणाले.

आत्यांना राहवलं नाही. "रागान पाणी वाढता काय? वाढत आसात तर आजून ओरडा. आणि येवढी घाई आसा तर पवत जावा. कोल्हापुरात नदी नाय काय? पवूक कित्याक शिकलास नाय?"

मी वाळूत जाऊन पाठमोरा बसलो.

ऊन वाढत गेलं. मामांनी वल्ही वाळूत रोवली आणि त्यावर जुनं शीड बांधून सावली केली. आत्यांनी डबा सोडला. तांदळाची भाकरी, सुक्या सुंगटांची चटणी आणि कैरीच्या फोडी. मला हाक मारली, मी गेलो नाही. मग उन्हाने टाळकं तापल्यावर मुकाट्याने सावलीत येऊन बसलो, कुंदाच्या समोर पण तिच्याकडे न बघता. पाण्याची कळशी फिरत होती. आत्यांनी अख्ख्या भेंडवाडीच्या गजाली सांगून संपवल्या आणि मग त्यांनाही जांभई आली.

एकच्या सुमारास पलीकडच्या खोल पाण्यातून एक होडी येताना दिसली. बाबल गिरकर नावाचा माणूस होता. आम्हाला बघून तो उभाच राहिला.

"गुणाजीकाकानू! काय जाला? रुतलास?"

"व्हय रे बाबल."

"तुमी?" त्याचा विश्वास बसेना. मग तो एवढ्याने हसला की त्याची होडी हलली. "कोणाक येवचा आसा काय? मी देवळाकडच्या धक्क्यार जातंय."

मला ओरडून विचारायची गरजच पडली नाही. मामांनीच विचारलं, "जावयाक तिनाची गाडी गावतली काय रे?"

"गावतली तर! आता खंय एक वाजलो."

मामा माझ्याकडे वळले. "जावा तुमी. पुळणीच्या टोकार होडी लावता तो. तुमची पिशवी घराकडसून घेवा आणि जावा. माका राग नाय."

म्हणजे वाट मोकळी होती. मी उठलो, पॅंटची वाळू झटकली. कुंदाकडे न बघता म्हणालो, "येतीयास काय?" हा प्रश्नसुद्धा मी असा टाकला, जसा दुकानात हमालाला विचारावा.

तिने डब्यातल्या दोन भाकऱ्या काढल्या, त्यावर चटणी घातली, पांढऱ्या फडक्यात नीट बांधलं आणि गाठोडं माझ्या हातात दिलं.

"गाडीत खा. सकाळपासून काही खाल्लं नाही तुम्ही. चटणी आहे, काटा नाही त्यात."

मला माशाच्या काट्याची भीती होती. पहिल्या वर्षी एकदा घशात अडकला होता, तेव्हापासून सासरवाडीला जेवताना ती माझ्या ताटातले काटे काढून द्यायची. मी तिला सोडून चाललो होतो आणि तिला माझ्या घशाची काळजी.

मी चालायला लागलो. पुळण ओली होती, पाय रुतत होते. पुढे शंभरेक पावलांवर बाबल होडी धरून उभा होता. फडक्यातलं ते गाठोडं मी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, का कोण जाणे. पंधरावीस पावलं गेलो असेन आणि माझे पाय थांबले. असंच पांढऱ्या फडक्यातलं एक गाठोडं घेऊन मी फेब्रुवारीत चाललो होतो. असंच छातीशी धरून. आणि सोडून बघितलं नव्हतं.

"चला चला, पावणे!" बाबल ओरडला.

"तुम्ही व्हा फुडं," मी म्हणालो. त्याला ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा ओरडलो. "तुम्ही जावा! मी ऱ्हातो!"

परत येऊन मी सावलीत बसलो. मामांनी माझ्या तोंडाकडे एकदाच पाहिलं. मग उठले. "भागी, चल गो. त्या टोकार तिसरे गावतत काय बगूया."

"येवढ्या उन्हात तिसरे?" आत्या म्हणाल्या, पण मामांनी हाताला धरून उठवलंच. दोघं बहीणभाऊ पुळणीच्या पार दुसऱ्या टोकाला गेले आणि वाकून शिंपले उकरायला लागले. एवढ्या लांबून ते वाळूतल्या दोन पक्ष्यांएवढे दिसत होते.

मी गाठोडं मांडीवर ठेवलं. शेवटी म्हणालो, "कशी हुती गं?"

कोण, असं तिने विचारलं नाही.

"केस होते," ती म्हणाली. "खूप. काळेभोर. कपाळ तुमच्यासारखं, रुंद. डाव्या कानाची पाळी जरा दुमडलेली होती."

"तुझ्याकडं दिली हुती?"

"नर्सबाईंनी दिली. मीच मागितली. तीन मिनिटं होती माझ्याजवळ. एका ट्रंक कॉलएवढी. मी मोजत नव्हते, पण सवयीने कळतं."

ती हे इतक्या शांतपणे बोलली की मला पहिल्यांदा फोनवर ऐकलेला तिचा आवाज आठवला. आणि मग मला रडू आलं. मोठा माणूस असा रडू शकतो हे मला माहीत नव्हतं. मी गुडघ्यांत डोकं घालून रडलो, नाक वाहिलं, अंगठ्याची चिंधी ओली झाली. तिने मला थोपटलं वगैरे नाही.

"मी वर याला पायजे हुतो," मी म्हणालो.

"हो."

"आई बोलली तवा मी बोलायला पायजे हुतं."

"हो."

"भ्यालो हुतो, कुंदा. तोंड बघितलं असतं तर ती खरंच हुती असं झालं असतं. न्हाई बघितलं म्हंजे... काय झालंच न्हाई."

"ती होती," कुंदा म्हणाली. मग पहिल्यांदा तिचा आवाज हलला. "तुमच्या तिन्ही पत्रांत 'कधी येतेस' आहे. 'कशी आहेस' एकातही नाही. मी प्रत्येक पत्र उलटून बघितलं, मागच्या बाजूला लिहिलंय का म्हणून."

मग ती रडली. दवाखान्यातही रडली नव्हती म्हणे. मी तिचा हात धरला आणि तिने तो काढून घेतला नाही. नंतर आम्ही कितीतरी वेळ मुलीबद्दल बोललो. तिच्या बोटांबद्दल, नखांबद्दल. तिला कुठे ठेवली ती जागा मी कुंदाला सांगितली. नदीच्या वरच्या अंगाला, करंजाच्या झाडाखाली. तिला ते कोणी सांगितलंच नव्हतं. गाठोडं सोडून आम्ही दोघांनी भाकरी खाल्ली. चटणी तिखट होती, डोळ्यांतून पाणी यायला आता निमित्तही होतं.

मामा आणि आत्या आले तेव्हा आत्यांचा पदर तिसऱ्यांनी भरला होता. आत्यांनी फक्त माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कळशी पुढे केली. "तोंड धुवा. मीठ लागलाहा." आयुष्यात त्या माझ्याशी इतकं कमी कधी बोलल्या नाहीत.

पाणी परत आलं. आधी वाळूतल्या खळग्यांतून, मग सगळीकडून. साडेपाचनंतर होडीने एकदा अंग हलवलं आणि ती सुटली.

धक्क्यावर दहाबारा माणसं वाट बघत उभी होती. बाबलने वाडीभर डंका पिटला होता. होडी लागायच्या आधीच ओरडा सुरू झाला. "गुणाजी तांडेल रुतलो! अरे, गुणाजी रुतलो!" कोणी विचारत होतं, खाडी नवीन वाटली काय. कोणी म्हणालं, आता होडी विकून दुकान घाला. मामा हसत हसत दोर बांधत होते. "म्हातारो जालंय रे," म्हणाले.

होडीवाल्यांत ही थट्टा साधी नसते, हे मला तेव्हा कळलं नाही. भेंडवाडीत तीन गुणाजी होते. त्या दिवसापासून आमचे मामा 'रुतलेलो गुणाजी' झाले. पुढे कितीतरी वर्षं माणसं त्यांच्या होडीत पाय ठेवताना विचारायची, "आज पोचतलंव मां?" आणि ते न चुकता हसायचे.

मी चार दिवस राहिलो आणि आम्ही दोघं कोल्हापूरला आलो. आईशी मी काय बोललो ते इथे लिहीत नाही, पण बोलताना मी ताटाकडे बघत नव्हतो. आईही माणूस होती, पुढे तिने कुंदाची माफी मागितली, तिच्या पद्धतीने. दोन वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. तिला आम्ही दुसरी म्हणतो, पहिली म्हणत नाही.

आता आभाराचं. त्या परतीच्या प्रवासात, घाट चढताना, माझ्या टाळक्यात उजेड पडला होता. चाळीस वर्षांत जो माणूस रुतला नाही, तो नेमका त्या दिवशी, नेमका खाडीच्या मधोमध, नेमका सात तासांसाठी रुततो? मामांनी होडी मुद्दाम पुळणीवर घातली, माझ्या संसारासाठी आपल्या नावाला बट्टा लावून घेतला, हे मला दिवसाउजेडी दिसलं. हे मी मनात ठेवलं. दर मे महिन्यात भेंडवाडीला गेलो की ठरवायचो, या खेपेला बोलायचं. पण समोर गेलो की जीभ उचलायची नाही. माझी ती जुनी खोड.

असं करता करता एकवीस वर्षं गेली. मामा ब्याऐंशीचे झाले, ओसरीवर खाटेवरच असायचे. होडी केव्हाच गेली होती, खाडीवर पूल झाला होता. भागीआत्याही गेल्या होत्या. एका सकाळी मी त्यांना चहा पाजला, कप खाली ठेवला आणि त्यांचे पाय धरले.

"मामा, त्या दिवशी तुम्ही होडी मुद्दाम रुतवलीसा. मला ठावं हाय. मी तुमाला काय काय बोललो, आन् तुम्ही माझा संसार वाचवला. सगळ्या गावाचं हसू सोसलं. एवढी वर्सं सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

मामांनी कान पुढे केला. मी सगळं पुन्हा मोठ्याने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांचं बोळकं हसायला लागलं.

"जावयबापू, होडी माज्या हातात खंय होती? मी तुमची गरी काढी होतंय."

"मग?"

"माज्या चेडवाच्या हातात होती. ता हयच वाढला. ह्या खाडयेतली पुळण न पुळण तेका म्हायती. मी मागे वळान बगलंय, तर तेना माज्याकडे नुसता बगल्यान. मगे मी काय ता समाजलंय."

चेडू म्हणजे मुलगी. म्हणजे कुंदा. "पन तुम्ही तर माझीच चूक म्हनालासा!"

"मगे काय चेडवाची म्हणू? तुमी आदीच तापलेले." ते खोकले, मी पाणी दिलं. "लोक हसले तर हसूंदेत. माजा काय गेला? चेडू माजा हसता हा मां घरात?"

मी त्यांचे पाय सोडले नाहीत. आभार मानायला आलो होतो आणि ते दुप्पट झाले होते. एवढी वर्षं मी असं समजत होतो की त्या दिवशी मामांनी तिला माझ्याकडे वळवलं. मी ताठ्यात घड्याळ बघत बसलो होतो आणि माझ्या पाठीमागे, एक शब्द न बोलता, तिने मला थांबवून धरलं होतं. मग बाबलची होडी आली तेव्हा जाऊही देत होती. भाकरी बांधून.

मी उठून आत गेलो. कुंदा चुलीशेजारी बसून नारळ खवत होती. पंचेचाळिशी उलटली होती, कानाजवळ केस पांढरे झाले होते. मी दारात उभा राहिलो.

"होडी तू घातली हुतीस पुळणीवर?"

तिचा हात थांबला नाही. "बाबांनी सांगितलं वाटतं."

"मला कधी बोलली न्हाईस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मी उठून गेलो असतो तर? निघालोच हुतो की."

तिने वाटी फिरवली, उरलेलं खोबरं बघितलं आणि मग माझ्याकडे मान वर केली.

"तीन महिने वाट बघितली होती," ती म्हणाली. "म्हटलं, अजून एक सुकती बघू."